भैरोबाच्या चालीवर शपथ

दीड वर्ष हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, याचं मला पहिल्या दिवशी आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं नाही.

आमदार रावसाहेब, वय चौऱ्याऐंशी, सहा वेळा निवडून आलेले. मेंदूला झटका आल्यापासून ते फक्त दोन शब्द बोलत होते. होऊन जाईल. चहा घेणार का? होऊन जाईल. हे कोण आलंय, ओळखलंत का? होऊन जाईल. तुमचं नाव काय? त्यावरही तेच, आणि वर ते पोस्टरवरचं हसू. लोक नळाला पाणी नाही म्हणून यायचे, रस्ता खणून ठेवलाय म्हणून यायचे. साहेब मान हलवून होऊन जाईल म्हणायचे आणि लोक हात जोडून परत जायचे. झटक्याच्या आधी चाळीस वर्षं तरी ते दुसरं काय म्हणत होते? माणसाची वाचा गेली आणि मतदारसंघाला फरक कळला नाही. मला याचा संताप आला होता. तो अजून उतरलेला नाही.

मी निशा. सदाशिव पेठेत माझं वाचा-उपचारांचं क्लिनिक आहे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. झटका येऊन किंवा डोक्याला मार लागून ज्यांची भाषा जाते, त्यांना ती परत शिकवायची, हे माझं काम. बावीस वर्षं करते आहे. पेशंटवर मी कधी चिडत नाही. नातेवाइकांवर चिडते आणि ते मला पुरतात.

सप्टेंबरात रावसाहेबांचा नातू क्लिनिकात आला. दिग्विजय, तिशीतला, एमबीए झालेला, पांढरा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. त्याने टेबलावर एक कागद ठेवला.

“मॅडम, आजोबांना फक्त हे एक सेंटेन्स बोलता आलं पाहिजे.”

कागदावर शपथ होती. विधानसभेला उमेदवारी अर्ज भरला, की निवडणूक अधिकाऱ्यासमोर ती स्वतःच्या तोंडाने घ्यावी लागते. नाही घेतली तर अर्ज बाद.

“आणि निवडून आल्यावर?” मी विचारलं. “तेव्हा परत एक शपथ असते ना?”

“ऑलमोस्ट सेम आहे. मी चेक केलं.”

“आजारी माणसाला खाटेवरूनही शपथ घेता येते. तशी सोय आहे.”

“आहे ना. पण मग पेपरात खाट येते.”

“तुम्ही का नाही उभे राहत?”

तो हसला. “मी राहिलो तर काका बंड करणार, काका राहिले तर पप्पा. आणि आजोबा राहिले नाहीत तर तिकीट घराबाहेर. ही इज द ओन्ली सोल्यूशन.”

चौऱ्याऐंशी वर्षांचा आजारी म्हातारा हे त्यांच्या घरातल्या भांडणाचं सोल्यूशन होतं. मी कागद त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, त्यांना शपथेची नाही, दुपारच्या झोपेची गरज आहे. आपण या.

तो उठला नाही. त्याचं लक्ष दाराकडे गेलं, कारण चारचा पेशंट दीनानाथ बायकोच्या आधाराने तेवढ्यात जिना चढून आत येत होता.

दीनानाथ बसचा कंडक्टर. वय एक्कावन्न. रावसाहेबांच्याच गावचा, म्हणजे विश्रांतवाडीच्या पुढे जे गाव शहरात गेलं त्याच्या गावठाणातला. त्यालाही झटका आला होता, आठ महिन्यांपूर्वी. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. पण त्याला समजत सगळं होतं. जोक सांगितला तर बरोबर ठिकाणी हसायचा. मी मुद्दाम वार चुकीचा सांगितला तर बोट हलवून नाही म्हणायचा. फक्त नाव विचारलं की घसा ताणायचा, डोळ्यांत पाणी यायचं आणि शब्द यायचा नाही.

यायचे ते फक्त स्टॉप. विश्रांतवाडी म्हटलं की फुलेनगर, येरवडा, बंडगार्डन, स्टेशन, पुढचे सगळे, एका दमात, खणखणीत, घंटीची दोरी ओढल्यासारखा हात वर करून. यात नवल काही नाही. जे हजारो वेळा त्याच क्रमाने म्हटलेलं असतं, ते बोलणं गेलं तरी शिल्लक राहतं. आकडे, वार, आरत्या. आणि सूर तर शब्दांपेक्षा वेगळ्याच जागी राहतो. म्हणून मी पेशंटच्या डाव्या हातावर बोटांनी ठेका धरते आणि वाक्य गाऊन घेते. हळूहळू गाणं कमी करायचं, बोलणं उरतं. दीनानाथ ‘पाणी दे’ आणि ‘हिरा’ एवढं त्यातून शिकला होता. हिरा म्हणजे त्याची बायको. खराडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते आणि सुट्टी टाकून त्याला घेऊन येते.

बारा नोव्हेंबरला दीनानाथची मेडिकल बोर्डापुढे तपासणी होती. तीन डॉक्टर बसणार, नाव विचारणार, पत्ता विचारणार. सांगता आलं तर नोकरी राहणार, नाही तर अनफिट. तिकिटं फाडायला नको, पासच्या खिडकीच्या मागे शिक्के मारायचं काम दिलं तरी माणूस जगला असता. ते हलकं काम मिळावं म्हणून हिराने चार ठिकाणी अर्ज दिले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

दिग्विजयने हे सगळं कसं हेरलं कोण जाणे. “हे आपल्या गावचेच ना? मॅडम, आजोबांचं एक पत्र गेलं की लाइट ड्यूटी पक्की. बोर्डाचं टेन्शनच नाही.”

हिराने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर मला नाही म्हणता आलं असतं.

मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग होकार, आणि मला त्या वेळी वाटलं की मी फार हुशारीने सौदा केला. दुसऱ्या दिवशी पत्र टाइप होऊन आलंसुद्धा, आमदारांच्या लेटरहेडवर, दीनानाथचं नाव, बिल्ला नंबर, सगळं बरोबर. दिग्विजयने ते मला दाखवलं आणि परत फाइलला लावलं. “शपथ झाली की त्याच दिवशी सही-शिक्क्यासह तुमच्या हातात.”

रावसाहेबांना क्लिनिकात आणता येत नव्हतं, कुणी पाहिलं तर बोभाटा झाला असता. म्हणून रोज चार वाजता मी त्यांच्या बंगल्यावर जायचे. चारची वेळ दीनानाथची होती. त्याला मी फक्त शनिवारी ठेवलं. हिराला सांगितलं, त्याच्याच कामासाठी चाललंय. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, ताई.”

पहिल्या आठवड्यात मी साहेबांपुढे चमचा, किल्ली आणि कंगवा ठेवला. चमचा दाखवा म्हटलं. त्यांनी किल्लीवरून हात फिरवला. कंगवा दाखवा. पुन्हा किल्ली. तो हसरा चेहरा मात्र जागच्या जागी. दिग्विजय मागे उभा होता. त्याला मी म्हटलं, “यांचं नुसतं बोलणं गेलेलं नाही. आपण काय म्हणतो तेही यांच्यापर्यंत पोचत नाही. हा माणूस साडेतीन लाख लोकांच्या वतीने काय ठरवणार आहे?”

“ते आम्ही बघू ना, मॅडम. तुम्ही सेंटेन्सचं बघा.”

वाक्य काही येत नव्हतं. साध्या गाण्याच्या चाली लावल्या, राष्ट्रगीताची लावली, काही जमेना. मग एकदा आनंदीबाई, रावसाहेबांच्या पत्नी, दाराशी येऊन उभ्या राहिल्या. अठ्ठ्याहत्तरच्या, नऊवारी, हातात तेलाची वाटी.

“भैरोबाची आरती म्हनत्यात की ते,” त्या म्हणाल्या. “रोज दिवेलागणीला. येक शब्द चुकत न्हाई.”

संध्याकाळी थांबून मी ऐकलं. खरंच होतं. देवघरासमोर उभे राहून साहेबांनी त्यांच्या ग्रामदेवतेची आरती सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली. शब्द स्पष्ट, आवाज भरदार. ती चाल मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. प्रत्येक ओळीच्या मध्यावर सूर अडतो, तिथे सगळ्यांनी दोन टाळ्या द्यायच्या आणि मग ओळ पुढे जाते. त्या गावात पाळण्यातलं पोरसुद्धा तिथे टाळ्या देतं, असं आनंदीबाई म्हणाल्या.

मी ती चाल उचलली आणि तिच्यावर शपथ बसवली. मांडी घालून, वहीत मात्रा मोजून बसवली. कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल, इथे अडायचं, दोन ठेके, मग मी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन. लोकांनी रक्त आटवून लिहिलेले शब्द मी एका न समजणाऱ्या माणसाच्या तोंडात आरतीसारखे भरत होते. डाव्या हातावर माझी बोटं, ठेका, ओळ, ठेका, ओळ. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते अर्धी शपथ म्हणायला लागले. दिग्विजयने मला पेढे दिले. मी ते रिक्षावाल्याला देऊन टाकले.

एक दिवस मात्र वेगळा गेला. मी शपथेचा कागद समोर ठेवला तर साहेबांनी त्यावर पंजा ठेवला. मी हात बाजूला केला. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि माझ्या पर्सवर ठेवली. मग डोळे मिटून घेतले. मी ठेका धरला तर हात काढून घेतला.

“नगं म्हनत्यात ते,” आनंदीबाई म्हणाल्या. “दिसतंय की. आता बसू द्या की त्यांना घरात.”

“आजी, तू मध्ये बोलू नकोस गं,” दिग्विजय म्हणाला.

“माझा नवरा हाय.”

“आणि आमचा आमदार आहे.”

मी तेव्हा उठून जायला हवं होतं. माणूस नाही म्हणत होता. त्याच्याकडे नाही म्हणायला शब्द नव्हता, पण ‘नाही’ होतं, आणि असं न बोललेलं ‘नाही’ ओळखणं हेच तर माझं शिक्षण. मी दीनानाथचं पत्र आठवलं. कागदाची घडी उलगडली आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

अर्ज भरायच्या दिवशी अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवारासोबत चारच जणांना जाता येतं. दिग्विजय, त्याचे वडील पृथ्वीराज, साहेबांचा तीस वर्षांचा कार्यकर्ता बजरंग, आणि चौथी मी. खादीची साडी नेसून या, असं मला सांगण्यात आलं होतं. मी साहेबांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि त्यांचा हात हातात धरला, म्हाताऱ्याला आधार दिल्यासारखा. बाहेर ढोल चालू होते.

अधिकारी अदबीने म्हणाले, “साहेब, आपण स्वतः वाचता, की मी सांगू?”

“होऊन जाईल,” साहेब म्हणाले.

दालनात सगळे हसले. अधिकारीही हसले. काय हजरजबाबी माणूस आहे! मी बोटांनी ठेका सुरू केला.

रावसाहेबांनी मान वर केली आणि शपथ सुरू केली. गाण्याचा सूर मी बराच खाली आणला होता. नवख्या माणसाला वाटलं असतं, जुन्या वळणाचा पुढारी आहे, हेल काढून बोलतो. नामनिर्देशित झालो असून. ईश्वरसाक्ष शपथ घेतो की. कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल. आणि सूर अडला.

बजरंगने दोन टाळ्या वाजवल्या. पृथ्वीराजांनीही वाजवल्या. डोळे मिटून, नकळत, लहानपणापासूनची सवय. दिग्विजय इंग्रजी शाळेतला, तो तेवढा मोबाइलवर शूटिंग करता करता गांगरून इकडेतिकडे बघत राहिला. अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलं.

“उत्साह हाय सायेब कार्यकर्त्यांचा,” बजरंग म्हणाला.

रावसाहेब थांबले नव्हते. श्रद्धा, निष्ठा, सार्वभौमता, एकात्मता, सगळं एक शब्द न चुकता. शेवटचा शब्द झाला आणि त्यांनी उजवा हात टेबलावरच्या दिव्याच्या, म्हणजे अधिकाऱ्याच्या टेबललॅम्पच्या, वरून फिरवून स्वतःच्या तोंडावरून फिरवला. आरती घेतली. अधिकाऱ्याने शिक्का मारला. त्याच्या कागदावर उमेदवाराने शपथ घेतली का, एवढाच रकाना होता. उमेदवाराला ती कळली का, असा रकाना कुठेच नसतो.

व्हरांड्यात मी दिग्विजयला गाठलं. “पत्र.”

त्याने दोन्ही हात जोडले. “मॅडम, सॉरी. आचारसंहिता. लेटरहेड वापरता येत नाही. कुणी तक्रार केली तर आमच्या कँडिडेटवर येईल.”

“आचारसंहिता लागणार हे तुम्हाला सप्टेंबरात माहीत होतं.”

“तुम्हालाही असेल ना.”

मला नव्हतं असं कसं म्हणू? मी दर निवडणुकीला सकाळी सातला मतदान करणारी बाई. पेपर पहिल्या पानापासून वाचते. आचारसंहिता लेटरहेडला लागते, झेंड्याला लागते, भिंतीवरच्या रंगाला लागते. रिकाम्या झालेल्या डोक्याला लागत नाही.

“बारा तारखेला त्याचं बोर्ड आहे,” मी म्हटलं. “निकाल त्यानंतर लागणार. मग पत्राचं काय लोणचं घालू?”

“निवडणुकीनंतर होऊन जाईल,” दिग्विजय म्हणाला. तेच शब्द, खांद्यावर हात ठेवणारं तेच हसू. बाहेर लोकांनी साहेबांना उघड्या जीपवर चढवलं होतं. ते ऊन डोळ्यांवर आल्यामुळे चेहरा वाकडा करून बसले होते आणि हजारभर माणसं त्या चेहऱ्याकडे बघून जयजयकार करत होती.

बारा दिवस उरले होते. मी दीनानाथला रोज बोलावलं, सकाळ-संध्याकाळ. हिराने कँटीनमधून बिनपगारी रजा घेतली. नाव शिकवायचं, फक्त नाव. पण सहा आठवडे वाया गेले होते आणि ते कुणी वाया घालवले हे मला माहीत होतं. दहा तारखेला तो ‘दी’ म्हणाला. अकराला ‘दीना’.

बोर्डासमोर मला आत सोडलं नाही. हिराने नंतर सांगितलं. डॉक्टरने नाव विचारलं. दीनानाथने घसा ताणला, टेबलाची कड धरली. डॉक्टर म्हणाले, सावकाश. तो सावकाशच प्रयत्न करत होता. मग मागच्या दाराची कडी घंटीसारखी वाजली, तो दचकला आणि त्याच्या तोंडून विश्रांतवाडी निघालं, आणि त्यामागून फुलेनगर, येरवडा, बंडगार्डन, सगळे स्टॉप, शेवटपर्यंत. थांबवता येईना. तिघे डॉक्टर शांतपणे ऐकत राहिले. वाईट माणसं नव्हती. त्यांनी नियमाप्रमाणे लिहिलं, बोलून काम करण्यास असमर्थ. अनफिट.

ज्याला सगळं कळत होतं, तो अनफिट. ज्याच्या शपथेवर बजरंगने टाळ्या वाजवल्या, तो फिट.

चौदा तारखेला दोघं क्लिनिकात आली. हिराने बोर्डाचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि उगाच पदर नीट करत बसली. मी म्हटलं, आपण अपील करू, मी स्वतः लिहिते. तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काही राग नव्हता, कारण तिला पत्राची पूर्ण गोष्ट मी सांगितलीच नव्हती. आचारसंहितेमुळे राहिलं, एवढंच सांगितलं होतं. त्यांच्यासाठी मी काय काम केलं, हे नाही.

मी नेहमीप्रमाणे दीनानाथचा डावा हात टेबलावर घेतला आणि ठेका धरला. तो खिडकीकडे बघत बसला. मग हिराच म्हणाली, “ताई, यांना जरा हसवा. गावातल्या ग्रुपवर रावसाहेबांचा व्हिडिओ फिरतोय, तो बघून काल यांना बोर्डानंतर पहिल्यांदा हसू आलं. नीट लागला नव्हता, रेंज नव्हती.”

तिने फोन त्याच्यापुढे धरला. खाली लिहिलं होतं, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही वाघाचा आवाज. रावसाहेब बोलत होते. दीनानाथ कान देऊन ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत गेला. चाल त्याने ओळखली. संविधानाबद्दल, इथे सूर अडला आणि त्याने माझ्या हाताखालचा हात सोडवून घेऊन मांडीवर दोन थापा मारल्या, बजरंगच्या टाळ्यांबरोबर, अगदी एका वेळी. तो खदखदून हसला. हिराही हसली.

मग त्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि जवळ धरला. चित्रात साहेब छातीपर्यंत दिसत होते. त्यांच्या डाव्या बाजूला मी नव्हते, मला कापलं होतं. पण कोपऱ्यात साहेबांचा हात होता आणि त्यावर ठेका धरणारी बोटं. उजव्या मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. घड्याळ उजव्या हातात बांधणाऱ्या बायका पुण्यात किती असतील मला माहीत नाही. दीनानाथला एक माहीत होती.

त्याने टेबलावरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही?” तो म्हणाला.

स्पष्ट. सूर नाही, ठेका नाही, कुणी सुचवलेलं नाही. आठ-दहा महिन्यांत स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न.

“अगं बाई, बोलले!” हिरा उभीच राहिली. “ताई, बोलले हो! परत म्हणा ना, अहो, परत म्हणा!”

तो परत म्हणाला नाही. त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. मला खोटं बोलता आलं असतं, त्याला उलट काही विचारता येणार नव्हतं.

“हो,” मी म्हटलं.

पेशंटला आलेला प्रत्येक नवा शब्द मी त्याच्या फाइलमध्ये लिहिते, तारखेसह. बावीस वर्षांची सवय. मी फाइल उघडली आणि लिहिलं. चौदा नोव्हेंबर. नवा शब्द, तुम्ही. स्वतःहून, प्रसंग समजून. हिरा वाकून अक्षर बघत होती आणि आनंदाने रडत होती. मी ठेका धरायला हात पुढे केला. दीनानाथने त्याचा हात टेबलावर परत ठेवला नाही.